परमुलखातील मुलांची शाळा : फ्रान्सचा अनुभव

परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या गृहस्थाला राहावयास घर मिळते, बाजारहाट उमगते, कचेरीतील कामही चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडते. परंतु आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कोणत्या शाळेत बसवावे, हा प्रश्न इतक्या सहजासहजी सुटत नाही. तेथील भाषेच्या शाळेत घातले, तर मूल पहिले काही महिने मुक्याप्रमाणे बसून राहते. आणि एकदा ती भाषा जिभेवर बसली की घरची भाषा हळूहळू मागे पडते. केवळ घरच्या भाषेच्या शाळेत घातले, तर शेजारच्या मुलांशी त्याचे बोलणे खुंटते आणि त्या देशातील पुढच्या शिक्षणाची दारेही अर्धी बंद होतात. दोन्ही भाषा सांभाळणारी शाळा शोधण्याचा हा खटाटोप आज फ्रान्समध्ये अनेक परदेशी आईबाप करीत असतात. परंतु तो आजचा नव्हे. त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. एक राष्ट्र, एक भाषा आणि एक शाळा हा आग्रह ज्या देशाने मोठ्या निष्ठेने चालविला, त्याच देशात हा इतिहास घडला, म्हणून तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

तो आग्रह कोठून आला, हे प्रथम पाहिले पाहिजे. इ. स. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्सिस याने व्हिलेर-कोत्रे येथून काढलेल्या फर्मानाने न्यायालयीन कागदपत्रे लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत लिहिण्याचा हुकूम झाला. तथापि प्रजेच्या तोंडची भाषा त्याने बदलली नाही. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, ग्रेग्वार नावाच्या धर्मोपदेशकाने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल ठेवला, तेव्हा निदान साठ लक्ष फ्रेंच लोकांना राष्ट्राची भाषा मुळीच येत नाही, असा त्याचा हिशेब होता. कोणी ब्रेताँ बोलत, कोणी बास्क, कोणी ओक्सिताँ, तर आल्सासमध्ये जर्मन वळणाची बोली चाले. राज्य प्रजेचे झाले, तर कायद्याची भाषा प्रजेला समजली पाहिजे, हा त्यामागील विचार होता आणि त्यात तथ्यही होते. परंतु त्यातूनच इतर भाषांविषयी संशय उत्पन्न झाला. शिक्षणमंत्री जूल फेरी यांच्या कारकिर्दीत १८८१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत व १८८२ च्या कायद्याने सक्तीचे झाले, आणि ते फ्रेंच भाषेतून झाले. ब्रिटनी प्रांतात शाळेच्या आवारात ब्रेताँ शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पादत्राण किंवा तत्सम काही अडकवीत, आणि दुसरा कोणी मुलगा तोच गुन्हा करताना सापडेपर्यंत ते तेथेच राही. जेथे देशातल्याच मुलांच्या मायबोलीची ही गत, तेथे परदेशातून आलेल्या मुलाच्या भाषेला शाळेत जागा कशी मिळावी?

ती जागा प्रथम निर्वासितांनी स्वतःच्या हिमतीवर निर्माण केली. १८३० च्या नोव्हेंबरात पोलंडमध्ये रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला आणि पुढील वर्षी तो मोडला गेला. हजारो पोलिश सैनिक, कवी आणि विद्वान फ्रान्सच्या आश्रयास आले. आज ना उद्या पोलंड मुक्त होईल आणि आपण परत जाऊ, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु वर्षे उलटू लागली, पॅरिसमध्ये मुले जन्मली आणि ती फ्रेंच बोलू लागली. ज्या मुलांना पोलिश भाषाच येणार नाही, ती मुक्त पोलंडमध्ये जाऊन काय करणार, या चिंतेतून १८४२ साली पॅरिसजवळ पोलिश मुलांसाठी शाळा उघडली. दोन वर्षांनी ती बातिन्योल वस्तीत आली आणि त्याच नावाने प्रसिद्धीस पावली. मुलींकरिता चार्तोरिस्की घराण्यातील राजकन्या आना यांनी १८४५ मध्ये पॅरिसमधील ओतेल लांबेर या वाड्यात वेगळी संस्था सुरू केली.

बातिन्योलच्या शाळेपुढे पहिल्यापासून दोन मार्ग होते. केवळ पोलिश भाषा, पोलिश इतिहास व पोलंडचा भूगोल शिकवून मुलांना परतीसाठी सज्ज ठेवावे, हा एक. परंतु परत जाणे घडलेच नाही, तर त्या मुलाने पोट कशावर भरावे? म्हणून शाळेने दुसराही मार्ग धरला. फ्रान्समधील वरिष्ठ विद्यालयांच्या प्रवेशपरीक्षांना बसता येईल इतके फ्रेंच, गणित व शास्त्र शिकवावयाचे, आणि त्याच्या जोडीस पोलिश विषयही चालवावयाचे. विद्यार्थ्यांवर दुहेरी भार पडला. परंतु १८६३ च्या पोलंडमधील दुसऱ्या उठावाचाही मोड झाला, पुन्हा निर्वासितांची लाट आली, आणि हा दुहेरी भार वाहणारी शाळाच त्यांच्या उपयोगी पडली. पोलंड स्वतंत्र झाला तो १९१८ साली. शाळा उघडल्यापासून तोवर शहात्तर वर्षे लोटली होती. शाळा १८७४ मध्ये ज्या लामाँदे रस्त्यावर गेली, तेथे आजही पोलिश भाषेचे वर्ग भरतात.

दुसरे उदाहरण भारताशी जोडलेले आहे. सॅम्युएल मुरात नावाचा आर्मेनियन व्यापारी मद्रासेस राहत असे. १८१६ साली तो वारला, तेव्हा त्याने आपल्या संपत्तीचा मोठा भाग आर्मेनियन मुलांच्या शिक्षणार्थ व्हेनिसजवळील बेटावरच्या मेखितारी साधूंच्या स्वाधीन केला होता. मद्रासच्या पेढीवर मिळविलेल्या या द्रव्यातून १८३४ मध्ये इटलीतील पादुआ येथे विद्यालय निघाले आणि १८४६ मध्ये ते पॅरिसला आले. तुर्की राज्यात विखुरलेल्या आर्मेनियन घराण्यांतील मुले तेथे आर्मेनियन व फ्रेंच या दोन्ही भाषांत शिकत. १८७० च्या युद्धात पॅरिसमधील हे विद्यालय बंद पडले. परंतु १९१५ नंतर तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची जी भीषण कत्तल झाली, तीतून वाचलेली कुटुंबे मोठ्या संख्येने फ्रान्समध्ये आली, आणि १९२८ साली पॅरिसजवळ सेव्र येथे हे विद्यालय पुन्हा उभे राहिले. ज्यांना परतावयास गावच उरले नव्हते, अशा घरांतील मुलांची भाषा तेथे जतन झाली.

याच सुमारास, १८६२ च्या लंडन प्रदर्शनाच्या निमित्ताने, निराळ्याच प्रकारच्या लोकांना द्विभाषी शिक्षणाची कल्पना सुचली. हे लोक निर्वासित नसून कारखानदार, व्यापारी व शास्त्रज्ञ होते. बार्बिये नावाच्या फ्रेंच कारखानदाराने निरनिराळ्या राष्ट्रांच्या मुलांना एकत्र शिकविण्याच्या लाभांवर निबंध मागवून बक्षीस लावले. मुलाने काही वर्षे फ्रान्समध्ये, काही इंग्लंडात व काही जर्मनीत शिकावे, आणि तिन्ही ठिकाणचा अभ्यासक्रम एकसारखा असावा, म्हणजे वर्ष फुकट न जाता तिन्ही भाषा येतील, अशी ही योजना होती. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डेन आणि मिशेल शेव्हालिये यांचा तिला पाठिंबा होता. पॅरिसजवळ शातू येथे, जर्मनीत गोडेसबर्ग येथे व लंडनजवळ स्प्रिंग ग्रोव्ह येथे विद्यालये निघाली. परंतु १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले, आणि मुलांनी ज्या देशांत आलटून पालटून शिकावयाचे, तेच देश एकमेकांवर तोफा डागू लागले. योजना तेथेच मोडली. एकटे लंडनचे विद्यालय १८८९ पर्यंत कसेबसे टिकले.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रश्नाचे स्वरूप पालटले. फ्रान्सची तरुण पिढी रणांगणावर पडली होती आणि उत्तरेकडील कोळशाच्या खाणी ओस पडल्या होत्या. १९१९ च्या सप्टेंबरात फ्रान्स व पोलंड यांच्यात करार होऊन पोलिश मजूर येऊ लागले. १९३१ च्या खानेसुमारीत फ्रान्समधील पोलिश लोकांची संख्या पाच लक्षांच्या वर गेली होती. नोर व पा-द-काले या जिल्ह्यांत खाण कंपन्यांनी त्यांच्यासाठी चाळी बांधल्या, आणि कंपनीच्या खर्चाने पोलिश शिक्षकही नेमले. दिवसातील काही वेळ मुले त्यांच्याजवळ पोलिश शिकत आणि उरलेला वेळ फ्रेंच शाळेत जात.

वरकरणी हीही द्विभाषी शाळाच होती. परंतु बातिन्योलच्या शाळेहून ती फार निराळी होती. कंपनीला समाधानी मजूर हवे होते, आणि खाणीतील काम संपले की ते परत जातील असा सर्वांचा हिशेब होता. त्यामुळे त्या पोलिश तासांना पुढे कोणतीही परीक्षा नव्हती की प्रमाणपत्र नव्हते. पुढे जागतिक मंदी आली, आणि १९३४-३५ मध्ये पोलिश मजुरांना कुटुंबांसह आगगाड्यांत बसवून परत पाठविण्यात आले. फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच शाळेत वाढलेली मुले न पाहिलेल्या पोलंडच्या वाटेला लागली. ज्यांच्या घरी पोलिश वाचन-लेखन नीट टिकले होते, त्यांना तेथील वर्गात बसणे सोपे गेले असेल. इतरांना पुन्हा मुक्यानेच बसावे लागले असेल. आणि जी कुटुंबे फ्रान्समध्येच राहिली, त्यांच्या मुलांच्या पोलिश ज्ञानाला फ्रेंच शाळेच्या दप्तरात किंमत नव्हती.

याच काळात रशियन राज्यक्रांतीमुळे देशोधडीस लागलेल्या कुटुंबांनी पॅरिसमध्ये १९२० साली रशियन विद्यालय काढले. परंतु पूर्ण वेळच्या रशियन शाळेत मूल घालणे सर्वांना परवडत नसे. त्यांच्या उपयोगी पडला तो जूल फेरी यांच्याच १८८२ च्या कायद्यातील एक नियम. त्या कायद्याने शाळेतून धर्मशिक्षण काढले, आणि आईबापांना ते बाहेर देता यावे म्हणून रविवारखेरीज आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवला. तो वार गुरुवार ठरला होता. रशियन निर्वासितांनी त्याच दिवशी मुलांना भाषा, इतिहास व धर्म शिकविण्यासाठी वर्ग चालविले, आणि त्यांना गुरुवारच्या शाळा असेच नाव पडले. एका भाषेचा आग्रह धरणाऱ्या कायद्यातच दुसऱ्या भाषेला आठवड्याचा एक दिवस सापडला. १९७२ मध्ये ही सुट्टी बुधवारावर गेली. आजही परदेशी पालकांच्या मंडळांचे भाषावर्ग पुष्कळदा बुधवारी किंवा शनिवारी भरतात, त्याचे मूळ येथे आहे.

१९३६ साली शिक्षणमंत्री जाँ झे यांच्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा चौदा वर्षांपर्यंत वाढविली, आणि ही सक्ती फ्रेंच व परदेशी अशा दोन्ही मुलांना लागू असल्याचे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद झाले. मजुराच्या मुलाला फ्रेंच शाळेचा हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्याच्या मायबोलीचे काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

दोन भाषांनी मुलाच्या बुद्धीत गोंधळ माजतो, अशी समजूत त्या काळी सुशिक्षितांतही रूढ होती. तिला एका फ्रेंच घरातून उत्तर मिळाले होते. झ्यूल रॉन्झा या भाषाशास्त्रज्ञाची पत्नी जर्मन होती. मोरीस ग्रामों या विद्वानाच्या सल्ल्यावरून त्यांनी आपल्या लुई नावाच्या मुलाशी एक नियम पाळला. बापाने सदैव फ्रेंच बोलावयाचे आणि आईने सदैव जर्मन. मुलाच्या बोलण्याची टिपणे ठेवून रॉन्झा यांनी १९१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मूल दोन्ही भाषा शिकले, त्या निरनिराळ्या आहेत हे त्याने लवकरच ओळखले, आणि त्याच्या वाढीत त्यामुळे काही उणे पडले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु घरातला हा अनुभव शाळेच्या दारापर्यंत पोहोचावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

शाळेचे दार अखेर उघडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि उघडले ते सैनिकी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. उत्तर अटलांटिक करारातील राष्ट्रांचे लष्करी मुख्यालय १९५१ मध्ये पॅरिसजवळ रोकाँकूर येथे आले. अमेरिकन, ब्रिटिश, डच, इटालियन, नॉर्वेजियन असे नाना देशांचे अधिकारी कुटुंबांसह आले, आणि त्यांच्या मुलांसाठी १९५२ साली साँ-जर्माँ-आं-ले या गावी शाळा सुरू झाली. तिचे पहिले मुख्याध्यापक रने तालार हे होते. प्रत्येक राष्ट्राला आपली वेगळी शाळा काढून देणे त्यांना पसंत नव्हते. मुख्य शाळा फ्रेंच असावी, सर्व मुले तीत एकत्र बसावीत, फ्रेंच मुलेही त्यांच्यात असावीत, आणि आठवड्यातील काही तास प्रत्येक मुलाला स्वदेशी शिक्षकाकडून स्वभाषेचे वाङ्मय व इतिहास शिकता यावा, अशी रचना झाली. नव्याने आलेल्या व फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी खास फ्रेंच वर्ग ठेवले. भाषा आली की मूल नेहमीच्या वर्गात जाई.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. १९६६ च्या मार्चमध्ये अध्यक्ष द गोल यांनी त्या लष्करी संघटनेतून फ्रान्सला बाहेर काढले, आणि पुढील वर्षी मुख्यालय बेल्जियमला गेले. ज्यांच्यासाठी शाळा काढली, ते अधिकारी बिऱ्हाड आवरून निघून गेले. ती केवळ त्यांच्या मुलांची शाळा असती, तर १८७० च्या शातूप्रमाणे तिलाही कुलूप लागले असते. परंतु तिच्यात फ्रेंच मुले होती, इतर परदेशी कुटुंबांची मुले होती, आणि तिची परीक्षा त्या देशाची परीक्षा होती. म्हणून ती टिकली, आणि आज तेथे डझनाहून अधिक भाषांचे विभाग आहेत.

हाच विचार इतरत्रही रुजला. युद्धकाळात लंडनमध्ये स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने काम केलेल्या झानीन मान्युएल यांनी १९५४ साली पॅरिसमध्ये द्विभाषी शाळा काढली. राष्ट्राराष्ट्रांतील समजूत मुलांच्या बाकावरच निर्माण व्हावी, हा त्यांचा हेतू होता. शंभर वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढलेल्या फ्रान्स व जर्मनी यांनी १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला. १९७२ च्या करारान्वये दोन्ही देशांची संयुक्त विद्यालये मान्य झाली आणि १९७५ मध्ये व्हर्सायजवळ ब्यूक येथे त्यांपैकी एक निघाले. १९८१ च्या सरकारी हुकमाने सरकारी शाळांतील आंतरराष्ट्रीय विभागांना नियमित स्थान मिळाले. त्या विभागातील विद्यार्थी फ्रेंच बाकालोरेआच्या परीक्षेत स्वभाषेतील वाङ्मय व इतिहास-भूगोलाची परीक्षा देऊ लागले. २०२४ पासून त्या परीक्षेला नवे रूप व नवे नाव मिळाले आहे.

येथवरचा इतिहास सुखान्त वाटेल. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. अधिकाऱ्यांच्या मुलांची दुसरी भाषा भूषण ठरली, त्याच दशकांत मजुरांच्या मुलांची दुसरी भाषा अडथळा मानली जात होती. पोर्तुगाल, स्पेन, अल्जिरिया, मोरोक्को, तुर्कस्तान येथून कामगार आले. १९७३ पासून त्यांच्या देशांशी एकामागून एक करार होऊन मुलांना मूळ भाषा शिकविण्याची सोय झाली. शिक्षक त्या त्या देशाने पाठवावयाचे व पगारही त्यांनीच द्यावयाचा. परंतु मुले उद्या परत जाणार, हे गृहीत येथेही होते. ती परत गेली नाहीत. त्यांचे भाषावर्ग शाळेच्या कडेला, मुख्य अभ्यासक्रमापासून तुटून चालत. १९८५ साली प्राध्यापक झाक बेर्क यांनी सरकारला दिलेल्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. अखेर २०१६ पासून पुढील काही वर्षांत ते वर्ग बदलून, सर्व मुलांना खुले असे परदेशी भाषेचे वर्ग त्यांच्या जागी आणण्यात आले.

भाषा दोन्हीकडे दोनच, मुलाचे वय तेच आणि देशही तोच. मग फळ निराळे का? परतीचा हिशेब ज्याने त्याने आपल्या सोयीने केला, हे त्याचे कारण होय. पोलिश निर्वासितांनी परत जाणार म्हणून शाळा काढली. परंतु राहावे लागले तर काय, याचीही तरतूद केली. खाण कंपन्यांनी व पुढील सरकारांनी मुले परत जातील असे मानले आणि तरतूद एकाच बाजूची केली. साँ-जर्माँच्या शाळेत दोन्ही बाजू प्रथमपासून होत्या. मोठ्यांचे बेत युद्धाने, मंदीने किंवा एखाद्या राज्यकर्त्याच्या निर्णयाने एका दिवसात बदलतात. मुलाचे शालेय वर्ष मात्र पुन्हा येत नाही. म्हणून कुटुंब उद्या मायदेशी गेले तरी मुलाला तेथील वर्गात बसता यावे, आणि गेले नाही तरी येथील परीक्षेत त्याला उणे पडू नये, या दोन्ही गोष्टी जी शाळा साधते, तीच खरी द्विभाषी शाळा समजावी.

आज फ्रान्समध्ये मुलासाठी शाळा शोधणाऱ्या आईबापांना या इतिहासातून काही व्यवहारी बोधही मिळतो. शाळेच्या नावातील ‘द्विभाषी’ या शब्दावर न जाता, दुसऱ्या भाषेतून कोणते विषय शिकवितात, आठवड्याचे किती तास देतात आणि त्याची अखेर कोणत्या परीक्षेत होते, हे विचारावे. नव्या मुलासाठी खास फ्रेंच वर्ग आहे की नाही, आणि त्या वर्गातून ते नेहमीच्या वर्गात केव्हा जाते, हेही विचारावे. सरकारी शाळा मोफत असली, तरी आंतरराष्ट्रीय विभागाची वर्गणी पुष्कळ ठिकाणी निराळी असते आणि प्रवेशासाठी मुलाची भाषापरीक्षाही घेतात, हे ध्यानात ठेवावे.

नोकरीनिमित्त तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र आणखी एक गोष्ट ओळखून असावी लागते. इंग्रजीचे, चिनीचे, जपानीचे, अरबीचे विभाग तेथील शाळांत आहेत, मराठीचा नाही. त्यांना बातिन्योलची वाट मोकळी नसली, तरी रॉन्झांच्या घराची व गुरुवारच्या शाळेची वाट मोकळी आहे. आईबापांनी घरात आपली भाषा न चुकता बोलावी, आणि आठवड्यातील मोकळा दिवस तिच्या वाचन-लेखनास द्यावा. निर्वासितांनी याहून अधिक हलाखीत हे केले आणि त्यांच्या नातवंडांना आजीची पत्रे वाचता आली. तेवढे साधले, तरी मुलाच्या परतीची वाट खुली राहते, मग ते परत येवो अथवा न येवो.